थंड पडलेलें वेटोळें : एका प्रकाशमंडलाची तपासणी

ज्या तारेंतून विजेचा प्रवाह वाहतो ती तार थोडीबहुत तापतेच, हा नियम माध्यमिक शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. इंग्लंडांतील जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यानें हा नियम प्रयोगानें सिद्ध करून १८४१ सालीं प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते; रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होते; आणि प्रवाहाची दिशा उलटी केली तरी या उष्णतेंत कांहीं फरक पडत नाहीं. इस्त्री, विजेची शेगडी, पाणी तापविण्याची सळई हीं सर्व या एकाच नियमाचीं लेकरें होत. असें असतां एखाद्या मंडलांत दिवा लखलखीत लागलेला आहे आणि त्याच मंडलाचा एक भाग भोंवतालच्या हवेपेक्षां थंड झाला आहे, असें आढळलें तर काय समजावें? नियम खोटा म्हणावा, उष्णतामापक खोटा म्हणावा, कीं तिसरेंच कांहीं कारण शोधावें?

वसई-दिवा लोहमार्गावरील खारबाव या भिवंडी तालुक्यांतील गांवीं विद्यार्थ्यांच्या एका गटापुढें हा प्रश्न उभा राहिला, व त्याचा उलगडा करण्यांत आम्हीं त्यांस साथ दिली. प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु त्याचें उत्तर शोधण्याची जी रीत, तिलाच विज्ञान म्हणतात. म्हणून तो प्रकार येथें क्रमानें मांडीत आहों. पालकांसही त्यांत उपयोगाचें कांहीं सांपडेल, अशी आमची खात्री आहे.

मंडलाची रचना

घड्याळांत किंवा विजेरींत वापरून टाकून दिलेल्या सेलवर पांढरा एलईडी दिवा पेटवावयाचा, हा या मंडलाचा हेतु. दीड व्होल्टचा सेल वापरून झाला म्हणजे त्याचा दाब एक-सव्वा व्होल्टपर्यंत उतरतो. पांढऱ्या एलईडीस मात्र सुमारें तीन व्होल्ट लागतात. तेव्हां दिवा सरळ सेलला जोडला तर तो मुळींच लागत नाहीं. यासाठीं फेराइटच्या एका लहान कड्यावर तांब्याच्या तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळतात आणि त्यांस एक ट्रान्झिस्टर व एक रोधक जोडतात. ट्रान्झिस्टर हा प्रवाह सेकंदांतून हजारों वेळां सुरू करतो व तोडतो. प्रवाह वाहत असतां कड्यांत चुंबकीय शक्ति सांठते. प्रवाह तुटतांच ती शक्ति वेटोळ्यांत मोठा दाब उत्पन्न करून दिव्यांतून बाहेर पडते. हे तुकड्यातुकड्यांनीं मिळणारे प्रकाशाचे झोत इतके जलद असतात कीं डोळ्यांस दिवा अखंड लागलेला दिसतो.

ही क्रिया पाण्याच्या दृष्टांतानें नीट समजेल. ठेंगण्या नळाचें पाणी आपोआप माडीवर चढत नाहीं. पण तेंच पाणी तांब्यातांब्यानें भरून वर नेऊन रांजणांत ओततां येतें. पाणी उंच गेलें. वाढलें मात्र नाहीं. उलट जिन्यांत थोडेंबहुत सांडलेंच. या मंडलांतही विजेचा दाब वाढतो, शक्ति वाढत नाहीं. आणि जी थोडी शक्ति वाटेंत सांडते ती उष्णतेच्या रूपानें वेटोळ्यांत, ट्रान्झिस्टरमध्यें व दिव्यांत प्रकट होते.

काय दिसून आलें

विद्यार्थ्यांनीं मंडल जोडलें व दिवा उत्तम लागला. मंडल किती तापतें हें पाहावें म्हणून त्यांनीं वेटोळ्यास उष्णतामापकाचा फुगा टेंकवून बसविला आणि दुसरा उष्णतामापक खोलींतील हवेसाठीं भिंतीवर टांगला. एका तासानंतर हवेचा उष्णतामापक ३० अंश दाखवीत होता आणि वेटोळ्याचा २८ अंश. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तसेंच झालें.

यावरून गटांत एक मत झालें, व तें मोठें मोहक होतें. सेल तर मेलेला, दिवा तर पेटतो, आणि वेटोळें थंड होतें. तेव्हां हें मंडल हवेंतील उष्णता ओढून घेऊन तिचा प्रकाश करीत असलें पाहिजे! वार्षिक प्रदर्शनांत या मंडलावर “हवेच्या उष्णतेवर चालणारा दिवा” अशी पाटी लावावयाचें ठरत होतें. एका पालकांनीं तर शेतावरील खोपटासाठीं असेंच मोठें मंडल बनवावें म्हणून पैसे देऊं केले होते. ज्या पाटीवर विश्वास ठेवून एखादा मनुष्य पदरचे पैसे टाकावयास निघतो, ती पाटी लिहिण्यापूर्वीं दहा वेळां विचार करणें भाग आहे. आम्हीं मुलांस एवढेंच सांगितलें कीं, मत कितीही गोड असो, त्याच्याविरुद्ध जितकीं कारणें सुचतील तितकीं प्रथम एका कागदावर लिहा आणि एकेकाची परीक्षा घ्या. त्यांतून जें मत तरेल तेंच पाटीवर जाईल.

परीक्षा

पहिली गोष्ट स्पर्शाची. बोट लावलें असतां वेटोळें गार लागतें, असें कित्येकांनीं सांगितलें. पण लोखंडी बिजागरी आणि तिच्याखालचा लांकडी दरवाजा हीं एकाच खोलींत सारखींच उष्ण असतां बिजागरी गार लागते, कारण धातु बोटांतील उष्णता लवकर ओढून नेतो. स्पर्शास कळतें तें उष्णता जाण्याचा वेग, उष्णतामान नव्हे. सबब स्पर्शाची साक्ष बाजूस ठेवली.

दुसरी परीक्षा उष्णतामापकांची. दोन्ही उष्णतामापक वितळत्या बर्फांत ठेवून शून्य अंश दाखवितात कीं नाहीं हें पाहिलें आणि नंतर त्यांची अदलाबदल केली. वेटोळ्याजवळ कोणताही ठेवला तरी तो कमीच दाखवी. म्हणजे दोष उपकरणाचा नव्हता.

तिसरी परीक्षा जागेची. खोलीवर पत्र्याचें छप्पर होतें, आणि अशा खोलींत वरची हवा खालच्या हवेपेक्षां अधिक तापलेली असते. भिंतीवरचा उष्णतामापक काढून तो मेजावर, वेटोळ्याच्याच उंचीवर पण वीतभर दूर ठेवला. दोहोंतील अंतर थोडें कमी झालें. पण नाहींसें झालें नाहीं. यावरून जागेचा परिणाम होता, तथापि तो संपूर्ण कारण नव्हता, हें कळलें.

चौथी परीक्षा सर्वांत महत्त्वाची ठरली. सेल काढून घेतला. दिवा विझला. आतां जर वेटोळ्याची शीतलता प्रवाहामुळें होत असेल तर वेटोळें हळूहळू खोलीइतकें उष्ण व्हावयास पाहिजे. घडलें तें उलटें. अर्ध्या तासांत वेटोळ्याचा उष्णतामापक आणखी अर्धा अंश खालीं उतरला! सेल पुन्हां लावतांच तो हळूहळू पूर्वस्थळीं चढला. म्हणजे प्रवाह वेटोळें थंड करीत नव्हता. ज्यूलच्या नियमाप्रमाणें तें तापवीतच होता. थंड करणारा दुसराच कोणी होता, आणि तो प्रवाहापेक्षां बलवान होता.

तो कोण? मुलांचें लक्ष आतां मंडलावरून उष्णतामापकाकडे गेलें. फुगा वेटोळ्यास नीट चिकटून राहावा म्हणून त्यांनीं गणेशोत्सवांतून उरलेली शाडूची माती भिजवून तिचा गोळा भोंवतीं लिंपला होता. पांचवी परीक्षा म्हणून एका सुपारीस तितकीच ओली माती लिंपून तिच्यांत उष्णतामापक बसविला. सुपारींत ना सेल, ना तार, ना ट्रान्झिस्टर. तरी अर्ध्या-पाऊण तासांत सुपारीही हवेपेक्षां थंड झाली. सहाव्या परीक्षेंत वेटोळ्यावरची सर्व माती खरवडून काढली, वेटोळें कोरडें केलें आणि फुगा दोऱ्यानें बांधून वरून मेण लावलें. दिवा लावून तासाभरानें पाहतां वेटोळें हवेपेक्षां सुमारें अर्धा अंश अधिक उष्ण होतें.

गुन्हेगार सांपडला. तो माठांतील पाणी थंड करणारा आपला जुना ओळखीचा बाष्पीभवन होय.

हिशेब

कारण सांपडलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. तें कारण त्या कार्यास पुरेसें आहे कीं नाहीं, हें अंकांनीं ताडून पाहिलें पाहिजे. मंडल १.१ व्होल्ट दाबावर सुमारें ५० मिलिअँपिअर प्रवाह घेत होतें. म्हणजे सेलपासून मिळणारी एकंदर शक्ति ५५ मिलिवॅट, आणि एका तासांत १९८ ज्यूल. यांपैकीं कांहीं भाग प्रकाशांत जातो, कांहीं ट्रान्झिस्टर व दिवा यांत उष्णता होऊन जातो. वेटोळ्याच्या वांट्यास त्याचा थोडाच अंश येतो.

आतां दुसरी बाजू. साधारण ३० अंशांवर एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारें २,४३० ज्यूल उष्णता लागते, व ती उष्णता पाणी आपल्या भोंवतालच्या पदार्थांतून घेतें. मातीचा गोळा प्रयोगशाळेच्या तराजूवर आधीं व नंतर तोलला तेव्हां तासाभरांत त्याचें वजन ग्रॅमच्या दशांशाइतकें घटलेलें आढळलें. एवढें पाणी उडण्यास २४३ ज्यूल लागले. पाहा, हरभऱ्याच्या दाण्याएवढेंही नाहीं इतकें पाणी, पण त्यानें नेलेली उष्णता सेलनें दिलेल्या सर्व शक्तीपेक्षां अधिक! लहान विद्युन्मंडलांच्या प्रयोगांत ओलाव्याकडे इतकें लक्ष कां द्यावें लागतें, याचा उलगडा या एका आंकड्यांत आहे.

याच तत्त्वावर वेधशाळांत हवेंतील दमटपणा मोजतात. एका उष्णतामापकाचा फुगा कोरडा ठेवतात, दुसऱ्याचा ओल्या फडक्यानें गुंडाळतात; हवा जितकी कोरडी तितका दोहोंतील फरक अधिक. आपल्या विद्यार्थ्यांनीं नकळत असेंच एक आर्द्रतामापक तयार केलें होतें. खाडीकांठच्या दमट हवेंत, विशेषतः आषाढांत, हाच प्रयोग केला असता तर वेटोळें फारसें थंड पडलें नसतें. आणि कोरड्या देशावर, नगर-सोलापुराकडे, चैत्रांत केला असता तर तें याहूनही थंड झालें असतें. ज्या गुणाचें मान ऋतूप्रमाणें बदलतें, तो गुण तारेचा नसून हवेचा असावा, असा तर्क करण्यास यांत चांगला आधार आहे.

राहतां राहिला मेलेल्या सेलचा प्रश्न. तो खरोखर मेलेला नसतो. घड्याळ किंवा विजेरी चालविण्याइतका दाब त्यांत उरलेला नसतो, एवढेंच. ५५ मिलिवॅटचा दिवा त्यावर दहा तास चालला तर त्यांतून १,९८० ज्यूल, म्हणजे अर्ध्या वॅट-तासाहून किंचित् अधिक शक्ति निघाली. नव्या चांगल्या सेलमध्यें याच्या कित्येक पट शक्ति असते. भांड्याच्या तळाशीं खरवड उरावी तशी ही उरलेली शक्ति. ती हवेंतून आलेली नव्हे.

विजेनें खरोखर थंडी उत्पन्न होते काय?

येथें एक प्रामाणिक शंका उरते. शाडूच्या मातीचें कारण सांपडलें म्हणून विजेनें कधींच शीतलता उत्पन्न होत नाहीं असें म्हणतां येईल काय? नाहीं. १८३४ सालीं पॅरिस येथें झां शार्ल पेल्तिए या गृहस्थानें असें पाहिलें कीं, दोन भिन्न धातूंच्या सांध्यांतून प्रवाह नेला असतां एके ठिकाणीं सांधा तापतो व दुसरे ठिकाणीं थंड होतो. हा पेल्तिए पूर्वीं घड्याळें करीत असे. पुढें १८३८ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथील लेंझ यानें बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर पाण्याचा थेंब ठेवून प्रवाहानें तो गोठवून दाखविला. आणि प्रवाह उलटा करतांच तोच थेंब वितळला. ज्यूलची उष्णता दिशा पाहत नाहीं, पेल्तिएचा परिणाम दिशा पाहतो. दोहोंस ओळखण्याची ही खूण विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावी. आज लस व औषधें नेण्याच्या कांहीं लहान शीतपेट्या याच तत्त्वावर चालतात. मात्र त्या उष्णता नाहींशी करीत नाहींत. आंतली उष्णता बाहेर टाकतात आणि त्यासाठीं वीज खातात.

हें कारण आमच्या वेटोळ्यास लागू पडेल काय, हेंही तपासलें. तांब्याच्या तारेस कथिलाचा डाख देऊन केलेल्या सांध्यांत ५० मिलिअँपिअर प्रवाहानें होणारा हा परिणाम एका मिलिवॅटच्या दशांशाहूनही कमी भरतो; शिवाय एक सांधा जितका थंड व्हावा तितकाच पलीकडचा तापतो. दोन अंशांचा फरक त्यानें पडणें शक्य नव्हतें.

दिव्याच्या बाबतींत तर याहूनही नवलाची गोष्ट आहे. १९२७ सालीं रशियांतील ओलेग लोसेव्ह या तरुण तंत्रज्ञानें कार्बोरंडमच्या स्फटिकांतून प्रवाह नेला असतां निघणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास प्रसिद्ध केला. हा प्रकाश तापलेल्या वस्तूचा आहे कीं काय, हें पाहण्यासाठीं त्यानें चमकणाऱ्या स्फटिकावर बेंझिनचा थेंब ठेवला. थेंब नेहमींपेक्षां लवकर उडाला नाहीं. यावरून हा प्रकाश थंड आहे असें त्यानें ठरविलें. आपल्या मुलांस बाष्पीभवनानें चकविलें. लोसेव्हनें त्याच बाष्पीभवनास साक्षीदार केलें! पुढें २०१२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या-संस्थेच्या संशोधकांनीं एका एलईडीस ३० पिकोवॅट वीज देऊन त्यापासून ६९ पिकोवॅट प्रकाश मिळविला. अधिकचा ३९ पिकोवॅट प्रकाश त्या एलईडीच्या अंगच्या उष्णतेंतून आला. म्हणजे तितक्या प्रमाणांत एलईडी थंड होत होता.

मग मुलांची मूळ कल्पना खरीच ठरली काय? आंकडे पाहा. पिकोवॅट म्हणजे एका वॅटचा एक लक्ष कोटींवा भाग. आमचें मंडल घेत असलेली शक्ति त्या ३० पिकोवॅटच्या सुमारें १८३ कोटी पट होती. शिवाय त्या प्रयोगांत एलईडी बाहेरून १३५ अंशांपर्यंत तापवून ठेवला होता. इतक्या क्षीण प्रकाशापुरताच तो चमत्कार टिकतो. प्रवाह वाढविला कीं ज्यूलची उष्णता त्यास गिळून टाकते. शक्तीचा जमाखर्च तेथेंही तंतोतंत जुळतो. कल्पना अशक्य नव्हती. या वेटोळ्यापुरती ती खरी नव्हती, इतकेंच. एखादी गोष्ट जगांत कोठें तरी घडते म्हणून ती आपल्या मेजावरही घडली, असें अनुमान काढणें योग्य नव्हे.

या तपासणीचें फळ

प्रदर्शनांत मंडल ठेवलें गेलें. पण पाटी बदलली. “टाकाऊ सेलमधील उरलेली वीज वापरणारा दिवा” असें तिच्यावर होतें, आणि शेजारीं ओल्या मातींतील सुपारी व दोन उष्णतामापक मांडून “थंड कोण करतें?” असा प्रश्न लिहिला होता. दिव्यापेक्षां या सुपारीपुढेंच अधिक गर्दी झाली. पैसे देऊं करणाऱ्या पालकांस मुलांनीं स्वतः हिशेब समजावून सांगितला, व त्यांनीं ती रक्कम एका लहान सोलर पॅनेलसाठीं ठेवली. सूर्यापासून येणारी शक्ति मोजतां येते; तिच्या नांवानें कोणाची फसवणूक होण्याचें कारण नाहीं.

पालकांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. बाजारांत अधूनमधून “भिंतींतील प्लगला लावा, वीजबिल निम्में होईल” अशा पेट्या विकावयास येतात. विक्रेत्याचें भाषण न ऐकतां, पेटी लावून व पेटी काढून, तींच उपकरणें तितकाच वेळ चालवावीं आणि घरचें मीटर दोन्ही वेळां वाचावें. सेल काढून वेटोळें पाहणें आणि पेटी काढून मीटर पाहणें, ही एकच परीक्षा आहे.

दुसरी गोष्ट अधिक निकडीची. भिवंडी परिसरांत घरोघरीं नसले तरी गल्लोगल्लीं यंत्रमाग आहेत, आणि त्यांच्या तारांचे सांधे कित्येकदां सैल असतात. सांध्यांत अवघा दशांश ओहम रोध असला आणि त्यांतून १० अँपिअर प्रवाह गेला तर तेथें १० वॅट उष्णता निघते. वाटाण्याएवढ्या जागेंत सतत निघणारी ही उष्णता तारेवरचें वेष्टण करपविण्यास व जवळचें सूत पेटविण्यास पुरेशी आहे. प्रवाह दुप्पट झाला तर ती ४० वॅट होते. ज्यूलच्या नियमानें खारबावच्या मेजावर मुलांची थट्टा केली असें वाटलें, तरी कारखान्यांत तो थट्टा करीत नाहीं. सांधा “हातास गार लागतो” यावर विसंबूं नये, आणि चालू विजेच्या सांध्यास हात तर मुळींच लावूं नये. प्रवाह बंद करून जाणत्या वायरमनकडून सांधे घट्ट करून घ्यावे.

विद्यार्थिमित्रहो, सृष्टि कधीं खोटें बोलत नाहीं. परंतु ती एकाच वेळीं अनेक गोष्टी बोलते. त्यांतला प्रत्येक आवाज वेगळा काढून ऐकणें, हेंच प्रयोग करणाराचें काम. एका वेळीं एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा. प्रवाह बंद करूनही पाहा. आणि जें मत आपणांस सर्वांत आवडतें त्याचीच परीक्षा सर्वांत कडक घ्या.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एक मंडल १.२ व्होल्ट दाबावर ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतें. त्याची शक्ति किती मिलिवॅट? एका तासांत किती ज्यूल खर्च होतील?

२. पहिल्या प्रश्नांतील मंडलाची एका तासाची सर्व शक्ति उष्णता झाली असें मानलें, तर ती उष्णता घेऊन जाण्यास किती पाणी उडावें लागेल?

३. चौथ्या परीक्षेंत सेल काढल्यावर वेटोळें आणखी थंड कां झालें, हें आपल्या शब्दांत लिहा.

४. घरच्या माठाजवळ दोन उष्णतामापक ठेवून, एकाच्या फुग्यास ओलें फडकें गुंडाळून, आठ दिवस सकाळ-दुपार फरक टिपा. कोणत्या वेळीं तो अधिक असतो व कां?